दोन, तीन, आठ

दोन, तीन आणि आठ यांच्यात एक साधे नाते आहे: दोन तीनदा घेऊन गुणले की आठ होतात. हे नाते आपण तीन तऱ्हांनी लिहितो. आठ शोधायचे असतील तर दोनाच्या डोक्यावर, जरा उजवीकडे, बारीक तीन. दोन शोधायचे असतील तर आठावर √ चे छप्पर आणि त्याच्या खाचेत बारीक तीन. तीन शोधायचे असतील तर ‘लॉग’ हा अख्खा शब्द, त्याच्या पायाशी बारीक दोन आणि पुढे आठ. पहिल्या लिखाणात सगळे काम जागेने होते, दुसऱ्यात चित्राने, तिसऱ्यात शब्दाने. ज्याला हे आधी कोणी सांगितलेले नाही, त्याच्यापुढे ही तीन लिखाणे शेजारीशेजारी ठेवली तर ती एकाच गोष्टीबद्दल आहेत हे त्याला कशावरून कळावे?

*

बेरजेत असे होत नाही. तीन अधिक पाच आठ. आठातून पाच काढा किंवा तीन काढा, चिन्ह एकच, वजाबाकीचे. कारण तीन अधिक पाच काय आणि पाच अधिक तीन काय, सारखेच. गुणाकाराचेही तसेच, म्हणून भागाकार एकच.

घाताचे तसे नाही. दोनाचा तिसरा घात आठ, तिनाचा दुसरा घात नऊ. खालचा आकडा आणि वरचा आकडा यांची कामे वेगळी, म्हणून उलट प्रश्नही दोन: खालचा कोणता होता, आणि वरचा कोणता होता. पहिल्याचे उत्तर मूळ, दुसऱ्याचे लॉग. (वेगवेगळ्या धन पूर्णांकांत जागा बदलूनही उत्तर तेच राहते अशी जोडी एकच आहे, दोन आणि चार: दोनाचा चौथा घात सोळा, चाराचा दुसराही सोळा.)

तेव्हा तीन क्रिया हव्यातच. माझी तक्रार त्या तिघींना एकमेकींची ओळख नाही एवढीच आहे.

*

२०१६ मध्ये ग्रँट सँडरसन या अमेरिकी गणित-शिक्षकाने आपल्या एका व्हिडिओतून एक वेगळे चिन्ह लोकांपुढे आणले. कल्पना मुळात दुसऱ्या कोणाची, पण गाजली ती त्याच्यामुळे. एक त्रिकोण काढायचा. खाली डाव्या कोपऱ्यात पाया, वरच्या कोपऱ्यात घातांक, खाली उजव्या कोपऱ्यात येणारी संख्या. आपल्या उदाहरणात डावीकडे दोन, वर तीन, उजवीकडे आठ. आता जो कोपरा रिकामा ठेवाल तो तुमचा प्रश्न. उजवा रिकामा ठेवला की घात. डावा रिकामा ठेवला की मूळ. वरचा रिकामा ठेवला की लॉग. चिन्ह एक, प्रश्न तीन.

कागदावर करून पाहिल्याशिवाय याची गंमत कळत नाही. दोन पायाच्या लॉगच्या डोक्यावर पुन्हा दोन चढवले तर आतली संख्या जशीच्या तशी बाहेर येते, हा नियम मुले पाठ करतात. त्रिकोणात तो पाठ करावा लागत नाही. आतल्या त्रिकोणाने वरचा कोपरा शोधला, बाहेरच्याने तो पुन्हा वरच ठेवला, डावा कोपरा दोघांचा एकच, मग उजवीकडे दुसरे काय येणार? असे एकमेकांना पुसणारे सहा नियम निघतात. त्यातले चार शाळेत भेटतात. उरलेले दोन सहसा कोणी लिहीतच नाही, कारण नेहमीच्या चिन्हांत ते फार विद्रूप दिसतात: मुळाच्या खाचेत लॉग, किंवा लॉगच्या पायाशी मूळ.

*

याच त्रिकोणातून निघणारी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते.

एकेक कोपरा बांधून ठेवायचा आणि उरलेले दोन कसे हलतात ते पाहायचे. पाया बांधला तर वर बेरीज होते तेव्हा उजवीकडे गुणाकार होतो. हाच लॉगचा सुप्रसिद्ध नियम. घातांक बांधला तर डावीकडे गुणाकार, उजवीकडेही गुणाकार. आता उजवा कोपरा बांधा. तिथे ६४ ठेवू. पाया दोन घेतला तर घातांक ६. पाया चार घेतला तर घातांक ३. दोन आणि चार यांचा गुणाकार आठ. पाया आठ घेतला तर घातांक २.

डावीकडे २, ४, ८. वर ६, ३, २. सहा आणि तीन यांचे दोन कसे झाले? एक षष्ठांश अधिक एक तृतीयांश बरोबर एक द्वितीयांश. विजेच्या मंडलात ६ ओहम आणि ३ ओहमचे रोध समांतर जोडले तर परिणामी रोध २ ओहम येतो, तेच हे गणित. पाया गुणला की घातांक समांतर जोडणीने जुळतात. कारण अगदी सरळ आहे: ६४ चे सहावे मूळ गुणिले तिसरे मूळ म्हणजे ६४ चा एक द्वितीयांश घात. पण शाळेच्या पुस्तकात हा तिसरा नियम पहिल्या दोघांच्या शेजारी ठेवलेला माझ्या पाहण्यात नाही. लॉगच्या चिन्हात पाया इतका बारीक आणि इतका खाली बसतो की त्याला हलवून पाहावे असे मनातच येत नाही. चिन्ह काय दाखवते याइतकेच ते काय झाकते हेही पाहायला हवे, असे मला या उदाहरणावरून वाटू लागले.

*

तिघींची चिन्हे कधीची? √ हे चिन्ह क्रिस्टोफ रुडोल्फच्या १५२५ च्या जर्मन बीजगणितात छापले गेले. लॉगरिदमची पहिली कोष्टके जॉन नेपियरने १६१४ मध्ये एडिंबरोहून प्रसिद्ध केली. डोक्यावर बारीक आकडा लिहिण्याची आजची रीत रने देकार्तच्या १६३७ च्या भूमितीच्या ग्रंथातून रूढ झाली.

म्हणजे जी क्रिया आपण सर्वांत आधी शिकतो तिचे चिन्ह लॉगच्या कोष्टकांच्याही नंतर स्थिरावले. नेपियरने लॉग शोधला तेव्हा लॉग म्हणजे घातांक असे म्हणण्याची सोयच नव्हती. त्याची व्याख्या दोन धावत्या बिंदूंची आहे: एक बिंदू सारख्या वेगाने चालतो, दुसऱ्याचा वेग उरलेल्या अंतराच्या प्रमाणात घटत जातो. त्या विचारात कोठेही पाया नाही, घात नाही. लॉग ही घाताची उलट क्रिया आहे असे पाठ्यपुस्तकी रूप ऑयलरच्या १७४८ च्या ग्रंथाने पक्के केले, नेपियरनंतर सव्वाशे वर्षांहून अधिक काळाने. तोवर तिन्ही चिन्हे आपापल्या घरी नांदत होती. एक बीजगणित्याचे, एक मोजणीदाराचे, एक ज्योतिर्विदाचे.

*

देकार्तच्या आधीच्या दीडशे वर्षांतले प्रयत्न पाहिले की माणसे किती जवळ येऊन थांबली हे दिसते.

निकोला शुके, ल्यों, १४८४. गुणकाच्या डोक्यावर घातांक, तोही शून्य आणि ऋण धरून. पण अव्यक्ताचे अक्षरच लिहीत नाही. त्याचे हस्तलिखित १८८० पर्यंत छापले गेले नाही.

राफाएल बोंबेल्ली, १५७२. गुणकावर छोटी अर्धवर्तुळाकार वाटी आणि वाटीत घातांक.

सिमॉन स्टेव्हिन, १५८५. वर्तुळात आकडा. त्याने दशांश स्थळेही अशीच वर्तुळांत लिहिली, आणि ते योग्यच होते, कारण दशांश स्थळे म्हणजे एक दशांशाचे घातच. वर्तुळात अपूर्णांक घातला तर मूळ मिळेल हेही त्याने सुचवून ठेवले.

पिएर एरिगोन, १६३४. अक्षराच्या पुढे, त्याच ओळीत आकडा.

जेम्स ह्यूम, पॅरिस, १६३६. आकडा डोक्यावर, पण रोमन.

आणि पुढच्याच वर्षी देकार्त. त्याने रोमन आकड्याच्या जागी साधा आकडा घेतला. गंमत अशी की वर्गासाठी तो स्वतः बऱ्याचदा अक्षर दोनदाच लिहीत असे. गाउसही वर्गासाठी अक्षर दोनदा लिहिण्याच्याच बाजूचा होता: जागा तेवढीच लागते, मग आकडा कशाला?

*

इंग्लंडात रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ च्या ज्या पुस्तकात ‘बरोबर’चे चिन्ह दिले, त्यातच आठव्या घाताचे नाव आहे: झेंझिझेंझिझेंझिक. वर्गाचा वर्ग आणि त्याचा वर्ग. पाचवा, सातवा असे मूळ-संख्यांचे घात आले की या पद्धतीत दरवेळी नवे नाव शोधावे लागते.

आपल्याकडे हाच पेच होता आणि तो सुटलाही होता. संस्कृत गणितात वर्गवर्ग म्हणजे चौथा घात, वर्गघन म्हणजे सहावा. इथे नावे गुणली जातात, दोन त्रिक सहा. पाचव्यासाठी मग वर्गघनघात म्हणायचे. शेवटचा ‘घात’ सांगतो की इथे दोन आणि तीन मिळवायचे. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये याहून सरळ वाट घेतली. संख्या सांगायची आणि पुढे ‘गत’ जोडायचे: पंचगत, षड्गत. घातांक आकड्याने सांगितला की सगळी नावे एका सूत्रात बसतात. देकार्तच्या बारीक आकड्यातला निम्मा विचार इथे आहे. उरलेला निम्मा, तो आकडा कागदावर कुठे बसवायचा, तेवढा राहिला.

*

भास्कराचार्यांच्या बीजगणितातले लिखाण पुन्हा पाहावे. यावत्तावत् या अव्यक्ताला ‘या’, त्याच्या वर्गाला ‘याव’, घनाला ‘याघ’, चौथ्या घाताला ‘यावव’. व्यक्त संख्येला ‘रू’. ऋण असेल तर आकड्यावर टिंब. गुणक अक्षरानंतर येतो: तीन वर्ग अधिक पाच अव्यक्त अधिक सात हे ‘याव ३ या ५ रू ७’ असे. वर्गमूळ पूर्ण निघत नसेल तर ‘क’, करणीचा. दुसरे अव्यक्त ‘का’, तिसरे ‘नी’: कालक, नीलक, रंगांची नावे.

ही पद्धत मोठ्याने वाचता येते हा तिचा मोठा गुण. एका ओळीत लिहिता येते हा दुसरा. त्रिकोणाला यातले एकही जमत नाही.

*

पिंगलाच्या छंदःसूत्रात लघु-गुरूंचे किती प्रस्तार होतात ते काढायचे आहे. सहा अक्षरांचे वृत्त असेल तर दोनाचा सहावा घात. पिंगल दोन सहादा गुणत बसत नाही. घातांक सम असेल तर निम्मा करा आणि दोनाची खूण ठेवा. विषम असेल तर एक वजा करा आणि शून्याची खूण ठेवा. सहाचे तीन (खूण दोन), तिनाचे दोन (शून्य), दोनाचा एक (दोन), एकाचे शून्य (शून्य). आता खुणा उलट्या वाचायच्या. एकापासून सुरू करून शून्य दिसले की दुप्पट, दोन दिसले की वर्ग: २, ४, ८, ६४. आज संगणकावर मोठे घात याच रीतीने काढतात. इसवी सनापूर्वीच्या या सूत्रांत खुणांना स्वतंत्र आकार नाही. तिथे शून्य आणि दोन हे आकडेच क्रियांची चिन्हे म्हणून वापरले आहेत.

*

अर्धच्छेद. वीरसेनाचार्यांच्या ‘धवला’ टीकेत, नवव्या शतकाच्या आरंभी, हा शब्द येतो. संख्या किती वेळा निम्मी करता येते तो तिचा अर्धच्छेद: ३२ चा पाच, ६४ चा सहा. तिनाने भागत गेले तर त्रिकच्छेद, चाराने भागत गेले तर चतुर्थच्छेद. आजच्या भाषेत दोन, तीन आणि चार पायांचे लॉग. गुणाकाराचा अर्धच्छेद म्हणजे अर्धच्छेदांची बेरीज आणि भागाकाराचा म्हणजे वजाबाकी, हे नियमही तिथे आहेत. अर्धच्छेदाचाही अर्धच्छेद काढला तर ती वर्गशलाका: २५६ चा अर्धच्छेद आठ, वर्गशलाका तीन.

याची गरज का पडली? जैन विश्वरचनेत जंबूद्वीपाभोवती समुद्र आणि द्वीप एकाआड एक वलये करून आहेत, आणि प्रत्येक वलय आधीच्याच्या दुप्पट रुंद. अशा जगात कोणतीही रुंदी सांगितली की ‘हे कितवे वलय’ असे विचारावेच लागते. प्रश्न आधी आला, क्रिया मागून. यातून नेपियरसारखी कोष्टके झाली नाहीत, पण लॉग म्हणजे ‘किती वेळा’ हा अर्थ इथे जितका स्वच्छ आहे तितका नेपियरच्या धावत्या बिंदूंत नाही.

मूडबिद्रीला ताडपत्रांवर जपलेला हा ग्रंथ छापून बाहेर आला तो आपल्या अमरावतीहून. किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवणारे हिरालाल जैन यांनी १९३९ पासून त्याचे खंड संपादित करून काढले. विदर्भाबाहेर ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. गणिताच्या प्रत्येक मराठी वर्गात ती सांगितली जावी असे मला मनापासून वाटते.

*

न्यूटन, १६७६, ओल्डनबर्गला लिहिलेले पत्र. बीजगणिती लोक दोन, तीन वेळा घेतलेल्या अक्षरावर २ आणि ३ लिहितात, तसे मी वर्गमुळासाठी अक्षरावर एक द्वितीयांश लिहितो, असे तो कळवतो. वॉलिसने वीस वर्षांपूर्वी अपूर्णांक आणि ऋण घातांकांचा अर्थ लावून ठेवलाच होता. न्यूटनने ते लिहिण्यात आणले. त्या दिवसापासून √ ची तशी गरज उरली नाही. मूळ हा घातच, फक्त घातांक अपूर्णांक.

तरीही √ काढून टाकू नये. उणे आठाचे घनमूळ उणे दोन. एक तृतीयांश आणि दोन षष्ठांश सारखेच, म्हणून घातांक दोन षष्ठांश घेऊन पाहा: उणे आठाचा वर्ग ६४, त्याचे सहावे मूळ अधिक दोन. चिन्ह पालटले! पायथॉन या संगणकभाषेत उणे आठावर एक तृतीयांश घातांक दिला तर उणे दोन मिळत नाही, एक संमिश्र संख्या मिळते. √ मात्र ठामपणे सांगते की कोणते मूळ हवे आहे. जुने चिन्ह टिकून राहते तेव्हा बहुधा ते कुठलेतरी काम नव्यापेक्षा नीट करत असते.

*

मुळावरची आडवी रेघ रुडोल्फची नव्हे. त्याचे √ नुसते होते, मुळाखाली काय काय येते ते समजून घ्यावे लागे. रेघ जोडली देकार्तने. ती खरे तर कंसाचे काम करते.

*

१८१३ मध्ये जॉन हर्शेलने साइनवर उणे एक लिहून उलट फलन दाखवले. विचार चांगला होता: डोक्यावरचा आकडा म्हणजे क्रिया किती वेळा करायची; उणे एक म्हणजे एकदा उलटी करायची. त्या हिशोबाने साइनवर दोन म्हणजे साइनचा साइन व्हायला हवा. पण तिथे आपण साइनचा वर्ग समजतो. एकाच जागेचे दोन अर्थ, एकाच पानावर. बारावीतली मुले साइनवरचे उणे एक पाहून एक भागिले साइन लिहितात तेव्हा ती चिन्हाचे म्हणणे प्रामाणिकपणे ऐकत असतात. दोष चिन्हाचा आहे.

*

नुसता ‘लॉग’ लिहिला तर पाया कोणता? शाळेत आणि अभियंत्याकडे दहा. गणिताच्या संशोधनपर लेखात ई. संगणकशास्त्रात बहुधा दोन. ई साठी ‘एलएन’ हे आखूड लिखाण इर्व्हिंग स्ट्रिंगहॅमच्या १८९३ च्या पुस्तकात आहे. ‘एलजी’ म्हणजे आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे दहा, संगणकाच्या पुस्तकांत अनेकदा दोन. त्रिकोणात पाया न लिहिण्याची मुभाच नाही. शिकणाऱ्याला ही सक्ती चांगली.

*

रसायनशास्त्रज्ञांनी लॉगसाठी आपले स्वतःचे चिन्ह केले आणि ते जगभर चालले. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सनने १९०९ मध्ये पीएच मांडला. हायड्रोजन आयनांचे प्रमाण दहाचा उणे सातवा घात असेल तर पीएच सात. उणे चिन्ह, लॉग आणि दहाचा पाया हे तिन्ही त्या एका ‘पी’ मध्ये आले. माती तपासायला देणारा शेतकरी रोज लॉग वाचतो, त्याला लॉग हा शब्द लागत नाही.

*

लॉग टेबलमधला ‘बार’. २०० चा लॉग २.३०१०, ०.०२ चा उणे १.६९९०. पण तसे लिहिले तर टेबलात शोधायला ६९९० जाल आणि चुकाल. म्हणून डोक्यावर आडवी रेघ दिलेला २ आणि पुढे .३०१०: पूर्णांक भाग तेवढा ऋण, दशांश भाग धनच. आकडे तेच असले की मँटिसा (दशांश भाग) तीच, स्थान बदलले की कॅरेक्टरिस्टिक (पूर्णांक भाग) बदलते, हे त्या एका रेघेत आहे. बारावीच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालते, म्हणून आपल्याकडची मुले अजून ही रेघ ओढतात. कागदावरच्या आकडेमोडीसाठी इतके नेमके चिन्ह मी दुसरे पाहिलेले नाही.

*

हेन्री ब्रिग्ज १६१५ मध्ये नेपियरला भेटायला लंडनहून एडिंबरोला गेला आणि दहाच्या पायाचे लॉग ठरले. १६२४ मध्ये त्याने तीस हजार संख्यांचे लॉग चौदा दशांश स्थळांपर्यंत छापले. ते काढताना त्याने दहाचे वर्गमूळ काढले, त्याचे पुन्हा वर्गमूळ, असे लागोपाठ ५४ वेळा, हाताने. लॉगची कोष्टके मुळांवर उभी आहेत.

उलटेही खरे. १९७७ मध्ये शकुंतलादेवींनी डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात २०१ अंकी संख्येचे तेविसावे मूळ ५० सेकंदांत सांगितले: ५४,६३,७२,८९१. नुसता अंदाज घ्यायचा तर लॉग धावून येतो. २०१ अंक म्हणजे लॉग २०० आणि २०१ यांच्यामध्ये. तेविसाने भागा: ८.६९५ ते ८.७४०. म्हणजे उत्तर नऊ अंकी, साधारण साडेएकोणपन्नास कोटी ते पंचावन्न कोटी यांच्या दरम्यान. पुढचे सगळे त्यांचे.

*

संगणकाने हा प्रश्न नव्याने उभा केला, कारण कळफलकावर ओळ एकच. १९५७ च्या फोरट्रानने दोन फुल्या घेतल्या, अल्गोलने वर जाणारा बाण. एक्सेल टोपीसारखे ^ चिन्ह घेते. तेच चिन्ह सी आणि पायथॉनमध्ये अगदी वेगळ्या द्विमान क्रियेसाठी आहे: तिथे २^३ चे उत्तर १ येते.

पुढे क्रमाचा घोळ. एक्सेलमध्ये =-२^२ लिहिले तर ४. पायथॉनमध्ये तेच त्याच्या चिन्हांनी लिहिले तर -४, आणि वहीतही -४. दोनावर तीन, त्यावर दोन असा मनोरा एक्सेल डावीकडून वाचते आणि ६४ सांगते. पायथॉन वरून खाली वाचते आणि ५१२ सांगते. वहीत हा घोळ होत नाही, कारण तिथे आकडे खरोखरच एकावर एक चढलेले दिसतात. देकार्तच्या चिन्हाचे सामर्थ्य उंचीत होते. उंची काढून घेतली तेव्हा अर्थही सैल झाला.

डॉनल्ड कनुथने १९७६ मध्ये बाणाला आणखी पुढे नेले. एक बाण म्हणजे घात, दोन बाण म्हणजे घातांचा मनोरा. तीन, दोन बाण, तीन म्हणजे तिनावर तीन, त्यावर तीन: ७६,२५,५९,७४,८४,९८७. डावीकडून वाचाल तर १९,६८३.

*

केनेथ आयव्हर्सनचे काम मला या सगळ्यात सर्वांत जवळचे वाटते. त्याने चिन्हांकडे विचाराचे साधन म्हणून पाहिले आणि १९७९ च्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणाचा विषयही तोच ठेवला. त्याच्या एपीएल भाषेत घातासाठी एक तारा, आणि लॉगसाठी तोच तारा वर्तुळात: २*३ म्हणजे ८, २⍟८ म्हणजे ३. नाते डोळ्यांना दिसते. मुळासाठी वेगळे चिन्ह नाही, न्यूटनप्रमाणे व्यस्त घातांक. पुढे रॉजर हुईबरोबर केलेल्या ‘जे’ भाषेत त्याने मुळालाही चिन्ह दिले, म्हणजे तिघी पुन्हा स्वतंत्र झाल्या, पण तिन्ही चिन्हे सारखीच वागतात: दोन संख्यांच्या मध्ये बसतात, एका ओळीत, एका आकाराची. वापरून पारखलेला हा पर्याय आहे. तरी गणिताच्या पुस्तकांनी तो घेतला नाही, कारण पुस्तकाला एका ओळीची सक्ती नसते.

*

त्रिकोणाविरुद्धचे आक्षेप खरे आहेत. जागा फार खातो. त्रिकोणात त्रिकोण, त्यात त्रिकोण असे झाले की वाचणे अशक्य. साधी बहुपदी लिहायची तर पानभर डोंगर उभे राहतील. कळफलकावर नाही. मोठ्याने वाचता येत नाही. आणि एक मूलभूत आक्षेप: तिन्ही कोपरे दिसायला सारखे असले तरी गणितात ते सारखे नाहीत. पायाच्या जागी सारणी (मॅट्रिक्स) ठेवून तिचा तिसरा घात काढता येतो, पण घातांकाच्या जागी काय बसवता येईल याचे नियम निराळे. सममित चित्र तेवढ्यापुरते चुकीचे सांगते.

म्हणून पुस्तकातून √ आणि लॉग हटवा असे मी म्हणत नाही. ज्यांना या चिन्हांत रोज काम करायचे आहे त्यांची सोय वेगळी, ज्यांना नाते पहिल्यांदा समजायचे आहे त्यांची वेगळी. राज्य मंडळाच्या आठवीच्या पुस्तकात घातांक आणि घनमूळ एकाच प्रकरणात आहेत. लॉग मात्र अकरावीत, फलनांच्या गर्दीत भेटतो. मधल्या वर्षांत ती ओळख विरून जाते. आठवीतच त्रिकोण फळ्यावर काढावा, तिन्ही कोपरे आळीपाळीने रिकामे ठेवावेत, आणि तिसऱ्या प्रश्नाला लॉग म्हणतात एवढे सांगून ठेवावे. नियम नकोत, कोष्टक नको.

*

आठवीच्या मुलांना देता येईल असे एक गणित. त्रिकोणात डावीकडे १०, उजवीकडे २, वरचा कोपरा रिकामा. लॉग टेबलाला हात लावायचा नाही.

दोनाचा तिसरा घात आठ, दहापेक्षा कमी. म्हणून दहाचे घनमूळ दोनाहून मोठे, आणि रिकाम्या कोपऱ्यातली संख्या एक तृतीयांशापेक्षा लहान. दोनाचा चौथा घात सोळा, दहाहून जास्त. म्हणून ती एक चतुर्थांशापेक्षा मोठी. आता दोनाचा दहावा घात घ्या, १०२४. दहाचा तिसरा १०००. दोन्ही जवळजवळ सारखे, म्हणून ती संख्या जवळजवळ तीन दशांश; १०२४ जरासे पुढे, म्हणून ०.३ च्या जरा पुढे. एवढे झाल्यावर टेबल उघडावे: ०.३०१०.